खान जहान अली: आधी सेनापती की आधी पीर?

गाळातला_माणूस
नमस्कार मंडळी. सध्या नोकरीनिमित्त बांगलादेशात खुलन्याला आहे, इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे शुक्रवारी भटकणं चालू असतं. तास-दीड तासावर बागेरहाट आहे. पंधराव्या शतकात खान जहान अली म्हणून एक जण इथे होऊन गेला आणि गावात जे काही बघायचं ते सगळं त्याचंच आहे, म्हणजे मशिदी, तलाव, कबर, त्याने वसवलेल्या खलीफताबाद शहराचे अवशेष. १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बांगलादेशी वीस टाकांची जुनी नोट हातात आली असेल तर तिच्यावरची मशीद म्हणजे हीच, षाट गुंबज. म्हणजे साठ घुमट, पण आत साठ आहेत ते खांब, घुमट मोजाल तर सत्त्याहत्तर भरतात, आणि कोपऱ्यातल्या मनोऱ्यांवरचे चार धरले तर एक्क्याऐंशी.

माझी अडचण अशी की ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. ऑटोवाला म्हणाला पीर, फार मोठे पीर. ऑफिसमधला सहकारी (इतिहास वाचणारा आहे) म्हणतो पीरबीर नंतर, मुळात हा तुर्की सरदार, तैमूरने १३९८ ला दिल्ली लुटल्यावर जी मंडळी पूर्वेकडे सरकली त्यातला असावा असं मानतात, बंगालचा सुलतान नासिरुद्दीन महमूद शाह याच्या काळात फौज घेऊन सुंदरबनाच्या कडेला आला, जंगल तोडलं, मुलूख वसवला. पक्की तारीख एकच, कबरीवर कोरलेली, हिजरी ८६३, म्हणजे १४५९ चा ऑक्टोबर. ती मरणाची. बाकी जन्म कुठला, आला कधी, सगळं सांगोवांगी.

तर प्रश्न असा. फौज घेऊन आलेल्या माणसाच्या कबरीवर साडेपाचशे वर्षांनी मुसलमान तर येतातच पण कपाळाला सिंदूर लावलेल्या बायकाही नवस फेडायला येतात, हे होतं कसं? आधी पीर होता आणि मग हातात तलवार आली, की सेनापतीला लोकांनी मागाहून पीर करून टाकलं?

टवाळ_तात्या
जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन येतोच.

मीनल_के
तलवारवाला संत एवढा अवघड का वाटावा? गुरू गोविंदसिंगांची समाधी आपल्या नांदेडला आहे, शिखांमध्ये संत-सिपाही हा आदर्शच आहे. आपल्या डोक्यात संत म्हटलं की टाळ-चिपळ्या येतात त्याला आपण वारकरी वळणाचे लोक जबाबदार.

खडूस_खान्देशी
मीनलताई, फरक आहे. गुरू गोविंदसिंग आपल्या लोकांवर जुलूम होत होता म्हणून लढले. हा बाहेरून आला, मुलूख घेतला, मशिदी बांधल्या. जिंकणाऱ्याला चार पिढ्यांनी संत म्हणायचं ही जगभरची पद्धत आहे, त्यात कोडं कसलं?

मगरमिठी
मुख्य मुद्दा राहिला. त्या तलावात मगरी आहेत म्हणे?

गाळातला_माणूस
@मगरमिठी, कबरीसमोरच्या मोठ्या तलावात, ठाकूर दिघीत. खान जहानने स्वतः दोन मगरी पाळल्या होत्या, काला पहाड आणि धला पहाड (काळा आणि पांढरा) आणि नंतरच्या सगळ्या त्यांचीच पिलावळ अशी श्रद्धा. लोक नवसाची कोंबडी घेऊन येतात, तिथले फकीर घाटावरून हाका मारतात. जुनी वंशावळ आता संपल्यात जमा, २००५ मध्ये मद्रासच्या मगर केंद्रातून नव्या आणून सोडल्या. मी गेलो तेव्हा एक लांबवर नुसती पडून होती, तिला कोंबडीत रस दिसला नाही.

मगरमिठी
म्हणजे तमिळ मगर बंगाली हाकेला ओ देईना. साहजिक आहे.

टवाळ_तात्या
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

सनावळीवाले_काका
चांगला धागा आहे, तो मगरींच्या घशात जाऊ नये म्हणून लिहितो.

गाळातले भाऊ, कबरीवर तारखेशिवाय आणखीही मजकूर आहे, अरबी-फारसीत बराच. त्यात त्याची बिरुदं आहेत: उलुघ खान, खान-ए-आझम, खान जहान. ही तिन्ही दरबारी, फौजी माणसाची बिरुदं, खानकाहमधल्या (सूफींच्या मठातल्या) शेखची नव्हेत. त्याच्याबरोबर गुणवर्णन आहे, ते साधारण असं, की हा देवाचा दुबळा दास, पैगंबराच्या वंशजांवर प्रेम करणारा, सज्जन उलेमांचा मित्र, काफिरांचा वैरी, इस्लामचा सहायक. तर खान्देशींना हवं ते वाक्य तिथे आहेच, लपवण्यात अर्थ नाही. पण ही भाषा त्या काळच्या शिलालेखांत ठरलेली असते, आपल्या ताम्रपटांत प्रत्येक राजा शत्रूंच्या बायकांचं कुंकू पुसतो तशी. तिच्यावरून माणूस रोज काय करायचा ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, त्याने स्वतःच्या नावाची नाणी पाडली नाहीत. दूरच्या मुलखात, जिथे राजधानी गौडहून सुलतानाचा माणूस यायला दिवसच्या दिवस नावेत काढावे लागत, तिथे एवढं शहर उभारलेल्या माणसाने सिक्का स्वतःचा काढला नाही. पुढे सोळाव्या शतकात खलीफताबादला टांकसाळ आली, पण ती सुलतानांची. यावरून मी एवढंच म्हणेन की तो राजा व्हायला आला नव्हता, किंवा व्हायची गरज त्याला वाटली नाही.

खडूस_खान्देशी
काका, 'ठरलेली भाषा' हा फार सोयीचा खुंटा आहे. चांगलं लिहिलं की तो माणूस तसाच होता, वाईट लिहिलं की भाषा ठरलेली.

सनावळीवाले_काका
मान्य, म्हणूनच मी त्यातलं चांगलंही पुरावा म्हणून धरत नाही. उलेमांचा मित्र हेही ठरलेलंच.

विटा_वाळू_सिमेंट
मी सिव्हिलवाला, इतिहासात ढ, पण बागेरहाट पाहिलंय (वर्ल्ड बँकेच्या कुठल्याशा पाणीपुरवठा प्रोजेक्टवर खुलना भागात होतो) आणि मला वाटतं तुम्ही सगळे मशिदीकडे बघताय, बघायचं तलावांकडे.

तो भाग समजून घ्या. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ, समुद्र जवळ, भरतीचं पाणी नद्यांतून आत येतं. जमिनीत खोदलं की खारं पाणी लागतं, नदीचं पाणी उन्हाळ्यात खारं. तिथे शेती करायला माणूस आणून बसवायचा तर त्याला प्यायला काय देणार? एकच उपाय, मोठा खोल तलाव खणायचा, चारी बाजूंनी उंच बांध घालायचा म्हणजे भरतीचं पाणी आत शिरणार नाही, आणि पावसाचं पाणी साठवायचं. खणलेली माती फुकट जात नाही, तीच बाजूला टाकून जोतं उंच करायचं, वर घर, मशीद, रस्ता. षाट गुंबजच्या मागे घोडा दिघी आहे ना, ती याच हिशोबाची. घोडा पळून दमेल तिथवर तलाव, अशी गोष्ट सांगतात तिकडे.

आता हे काम एकट्या फकिराचं नाही आणि नुसत्या लढवय्याचंही नाही. हजारो माणसं, त्यांची शिधा, हत्यारं, कोण कुठे खणणार, पावसाच्या आधी संपवायचं. एवढी माणसं एका शिस्तीत राबवू शकणारी संस्था त्या काळात एकच, फौज. त्याने सैनिकांच्या हातात कुदळी दिल्या असं तिकडे सांगतात आणि मला ते शंभर टक्के पटतं. मग विचार करा, ज्या बाईला तीन कोस चालून पाणी आणावं लागत होतं तिच्या दारात गोड्या पाण्याचा तलाव आला. तिला त्याचं बिरुद उलुघ खान होतं की शेख, काय फरक पडतो? ती पीरच म्हणणार. माझं उत्तर हे, की सेनापती होता म्हणून पीर होता आलं.

अनघा_वाचतेय
+१. वाचून थांबले क्षणभर. लातूरची असल्याने पाण्याचा मुद्दा लगेच कळतो.

खडूस_खान्देशी
विटा, लॉजिक आवडलं, पण एक भोक आहे. 'ती बाई' तिथे आधीपासून होती का? जंगल तोडून मुलूख वसवला म्हणताय तर मग ती याच माणसाने आणलेली. आपणच आणलेल्या लोकांनी आपल्याला संत म्हटलं तर ते कसलं सर्टिफिकेट.

विटा_वाळू_सिमेंट
काही आधीपासूनचे असणार, कोळी, मधवाले, लाकूडतोडे. बाकीचे आले, आणले, काय म्हणाल ते. पण राहिले ना? पाणी नसतं तर दुसऱ्या वर्षी पळाले असते. बसवलेली वस्ती टिकणं हेच सर्टिफिकेट, आमच्या धंद्यात तरी.

कोलकाताकर_जोशी
अरे वा, आमच्या बाजूचा विषय. जन्म परळचा, संसार कोलकात्यात, त्यामुळे बंगाली वळणाचं मराठी चालवून घ्या.

खान जहानला एकटा धरू नका. सुंदरबनाच्या सगळ्या पट्ट्यात असे लढवय्ये पीर आहेत. सगळ्यात लोकप्रिय गाजी पीर, बडखान गाजी. पटचित्रांत तो वाघावर बसलेला असतो. जंगलात मध काढायला, लाकूड तोडायला जाणारे हिंदू-मुसलमान दोघंही त्याचं नाव घेतात. आता गंमत बघा, १६८६ च्या एका मंगलकाव्यात (देवांची महती सांगणारं बंगाली आख्यान) या गाजीचं आणि दक्षिण राय नावाच्या वाघांच्या देवाचं तुंबळ युद्ध होतं, कोणीच हरत नाही, शेवटी देव स्वतः मध्ये पडतो, आणि कसा येतो तर अर्धा कृष्ण अर्धा पैगंबर अशा रूपात, आणि दोघांची समजूत घालून सगळं वाटून देतो. हे लिहिणारा कवी हिंदू होता.

म्हणजे तिथल्या लोकांनी 'आलेला' आणि 'असलेला' यांचं भांडण नाकारलं नाही, उलट रंगवून सांगितलं, आणि मग मिटवलं. खान्देशींचा आक्षेप त्या लोकांना माहीत नव्हता असं नाही. त्यांनी तो असा सोडवला.

टवाळ_तात्या
देव मध्ये पडून मिटवतो आणि वाटून देतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगसाठी याचा नंबर मिळेल का?

खुलताबादची_वाट
मी संभाजीनगरची (औरंगाबाद म्हणा, भांडण नको), त्यामुळे हा प्रश्न माझ्या अंगणातला आहे. आमच्याकडे खुलताबादला लहानपणापासून ऐकतोय की सातशे पालखीवाले अवलिया फौजेसारखे आले, त्यातला कोणी अमुक राजाशी लढला, कोणी तमुक राक्षसाला मारलं. उरुसात अजूनही असंच सांगतात.

पण बुऱ्हाणुद्दीन गरीब, खुलताबादचे मोठे सूफी, जे १३३७ ला गेले, त्यांच्या बैठकीत काय बोलणं व्हायचं ते त्यांच्या शिष्यांनी त्याच काळात लिहून ठेवलंय आणि त्यात लढाई नाही. उपास आहे, समा (सूफींचं भक्तिसंगीत) आहे, कोणाला किती दान द्यायचं ते आहे, एकमेकांच्या कागाळ्या आहेत. ते दौलताबादला आले ते मुहम्मद तुघलकाने दिल्लीची बडी मंडळी इकडे हलवली त्या लोंढ्यात. तलवार त्यांच्या हातात दिली ती दोन-तीनशे वर्षांनंतरच्या गोष्टींनी.

म्हणजे आमच्याकडे उलटं झालंय. साध्या सूफीला मागाहून योद्धा केलं. आणि बागेरहाटला खऱ्याखुऱ्या सरदाराला मागाहून सूफी. दोन्हीकडे लोकांना शेवटी एकच माणूस हवा होता, ज्याच्या हातात तस्बी (जपमाळ) पण आहे आणि तलवार पण.

सनावळीवाले_काका
ताई, फारच छान. यात तिसरं उदाहरण घालतो, सिल्हटचे शाह जलाल. लोककथा अशी की ते ३६० शिष्य घेऊन आले आणि राजा गौर गोविंदाला हरवून सिल्हट घेतलं. पण मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४५ च्या सुमारास त्या डोंगराळ भागात जाऊन त्यांना भेटलाय आणि त्याला भेटला तो गुहेत राहणारा, गाईच्या दुधावर उपास सोडणारा म्हातारा. लढाईचं अवाक्षर नाही. आणि १५१२ चा एक शिलालेख आहे त्यात सिल्हट जिंकल्याचं श्रेय दिलंय सिकंदर खान गाजी या सरदाराला, सन हिजरी ७०३, म्हणजे १३०३. शाह जलालांचं नाव त्यात आदराने आहे, पण जिंकणारा सरदार वेगळा.

तिथे म्हणजे दोन माणसं होती, एक पीर, एक सेनापती, आणि लोकांनी सेनापतीचा पराक्रम पीराच्या खात्यात टाकला. सिकंदर खान आज कोणाला आठवतो?

खान जहानच्या बाबतीत मात्र असा दुसरा माणूस सापडत नाही. कबर एक, बिरुदं एकाची, इमारती त्याच्या. म्हणून बागेरहाटचं प्रकरण मला जास्त रोचक वाटतं.

मगरमिठी
काका, ३६० शिष्य तिकडे, आणि बागेरहाटला ३६० मशिदी ३६० तलाव असं कुठेतरी वाचलं. सगळीकडे ३६० च कसे?

सनावळीवाले_काका
वर्षाच्या दर दिवसाला एक. पुष्कळ म्हणायचं असलं की ३६०. मोजायला जायचं नसतं. प्रत्यक्षात बागेरहाटला आज पन्नासेक वास्तूंचे अवशेष नोंदलेत, तेही काही थोडे नाहीत.

अवांतर_आजी
मी नेहमीप्रमाणे अवांतर करणार. तुम्ही सगळे खान जहानबद्दल बोलताय, पण त्याच्या शेजारी कोणाची कबर आहे ते गाळातल्या भाऊंनी पाहिलं का? पीर अली, मूळचा मुहम्मद ताहिर, खान जहानचा दिवाण म्हणा, उजवा हात म्हणा. हा आधी ब्राह्मण होता असं सांगतात.

तर गोष्ट अशी. रोज्याच्या दिवसात पीर अली लिंबू हुंगत होता. दरबारातले कामदेव आणि जयदेव रायचौधरी हे ब्राह्मण भाऊ, त्यातला एक थट्टेने म्हणाला, साहेब रोजा मोडला की, घ्राणेन अर्धभोजनम्! पीर अलीने हे मनात ठेवलं. मग एक दिवस दरबार भरवला आणि शेजारच्या मुदपाकखान्यात गोमांस शिजायला घातलं. वास दरवळला. आता तुमच्याच शास्त्राप्रमाणे तुमचं अर्धं जेवण झालं की! दोघे भाऊ मुसलमान झाले, आणि त्यांचे जे भाऊबंद हिंदू राहिले त्यांना जातीने बाजूला टाकलं, ते पिराली ब्राह्मण.

आणि या पिरालींत पुढे लग्नसंबंधाने आलं ते कुशारी घराणं, ज्यांना कोलकात्यात ठाकूर म्हणू लागले. म्हणजे टागोर. रवींद्रनाथांना मुलगी शोधताना चांगल्या कुलीन घरातली मिळणार नाही हे ठरलेलंच, पिरालींतच बघायची, म्हणून मृणालिनीदेवी आल्या त्या दक्षिणडिही गावच्या, खुलना-जेसोर रस्त्यावर फुलतलाजवळ. १८८३ साली. गाळातले भाऊ, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, माहेरचं घर अजून आहे, जाऊन या आणि फोटो टाका.

अनघा_वाचतेय
आजी!!! हे माहीतच नव्हतं. एका लिंबापायी नोबेलपर्यंत.

अवांतर_आजी
अजून ऐक. जातीबाहेर असल्यामुळे त्या घरात प्रायश्चित्ताची भीती कमी, म्हणून रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ समुद्र ओलांडून विलायतेला गेले, थोरले भाऊ सत्येंद्रनाथ पहिले हिंदी आयसीएस झाले, आणि नेमणूक कुठे? मुंबई इलाख्यात. उभी नोकरी इकडे काढली, १८९७ ला साताऱ्याचे जज्ज म्हणून निवृत्त झाले. तुकोबांचे अभंग बंगालीत नेले ते यांनीच. रवींद्रनाथ कारवारला येऊन राहिले तेही भाऊ तिथे जज्ज होता म्हणून. तर खान जहानच्या दिवाणाने शिजवलेल्या हंडीचा वास साताऱ्यापर्यंत आला असं म्हणायला हरकत नाही.

खडूस_खान्देशी
आजी, गोष्ट भारी आहे, पण बघा हं, यात काय दिसतं? सत्तेवरच्या माणसाने थट्टेचा सूड म्हणून दोन माणसांचा धर्म घेतला. आणि हा माणूस आज त्या पीराच्या शेजारी पीर म्हणून झोपलाय. माझा मुद्दा आपोआप सिद्ध.

अवांतर_आजी
अर्धा तुझा मुद्दा, अर्धा माझा. पीर अलीने हंडी चढवली हे खरं धरलं तरी वासाने जात जाते हा नियम काही त्याने केला नव्हता. भाऊबंदांना वाळीत टाकलं ते आपल्याच लोकांनी, आणि ते चारशे वर्षं चालवलं. शिवाय ही कथा कुलवृत्तांतातली आहे, म्हणजे लग्न जुळवणाऱ्या घटकांच्या वह्यांतली. त्यात कोणाचा डाग किती गडद हे ठरवायला गोष्ट लागते.

तडफदार_७७
हे सगळं पुरोगामी गुळगुळीत बोलणं झालं. त्या उत्तर प्रदेशातल्या बहराइचच्या सालार मसूदबद्दल बोला की मग, तो पण सेनापती-संतच ना? त्याचं पण कौतुक करणार का इथे?

संपादक_मंडळ
आजच्या राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. विषयाला धरून लिहा, नाहीतर प्रतिसाद उडतील.

सनावळीवाले_काका
प्रश्न तसा विषयाला सोडून नाही, राजकारण बाजूला ठेवून उत्तर देतो. सालार मसूद गझनीच्या महमूदाचा भाचा आणि १०३३-३४ च्या सुमारास बहराइचला मारला गेला, ही सगळी हकीकत ज्या फारसी ग्रंथावरून सांगतात तो सतराव्या शतकातला, म्हणजे सहाशे वर्षांनंतरचा. महमूदाच्या काळच्या इतिहासकारांच्या लिखाणात असा भाचा सापडत नाही. पण चौदाव्या शतकात दर्गा होता आणि मोठा होता हे नक्की, मुहम्मद तुघलक तिथे गेला होता, इब्न बतूता सोबत होता. म्हणजे कबर आणि यात्रा आधी, चरित्र मागाहून.

आता खान जहान याच्या शेजारी ठेवून बघा. त्याचं चरित्र असं कोणी लिहिलंच नाही. दंतकथा आहेत त्यातल्या बऱ्याचशा १८७१ साली जेसोरच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने जिल्ह्याच्या रिपोर्टात उतरवून घेतल्या (बागेरहाट तेव्हा जेसोर जिल्ह्यात होतं), म्हणजे मधली चारशे वर्षं तोंडी. पण विटा आहेत, शिलालेख आहे. सालार मसूदची गोष्ट भरघोस आणि पुरावा नाही, याचा पुरावा भरघोस आणि गोष्ट तुटक.

तडफदार_७७
हे ठीक आहे. भाचा नसल्याचं माहीत नव्हतं.

टवाळ_तात्या
या संस्थळावर कोणी 'माहीत नव्हतं' म्हणाल्याची तारीख कोरून ठेवा रे कोणीतरी. हिजरी सनात.

विटा_वाळू_सिमेंट
पुरावा विटांचा म्हणालात म्हणून थोडं माझ्या खात्यातलं. षाट गुंबज बाहेरून साधारण १६० फूट बाय १०८ फूट, भिंती सहा फूट जाडीच्या, वर जाताना निमुळत्या, कोपऱ्यात गोल बुरूजवजा मनोरे. पुढच्या दोन मनोऱ्यांत वर जायचे जिने आहेत, एकाला रोशन कोठा म्हणतात आणि एकाला आंधार कोठा. दिल्लीत तुघलकांची बांधकामं पाहिली असतील तर ही तिरकी जाड भिंत लगेच ओळखू येते, हा माणूस किंवा त्याचे गवंडी दिल्लीकडचं काहीतरी डोक्यात घेऊन आले हे दिसतं. पण छताकडे बघा, मधल्या ओळीतले सात घुमट गोल नाहीतच, बंगाली झोपडीच्या चौपाखी छपराच्या आकाराचे आहेत. बाहेर दिल्लीचा किल्ला आणि मध्यभागी गावचं छप्पर. तो बाहेरचा की तिथला, या भांडणाचं उत्तर मला तरी तिथे मिळालं.

बाकी दगड त्या मुलखात नावालाही नाही, खांबांसाठी लांबून नदीने आणला. आणि सगळ्यात मोठा शत्रू मीठ. हवेतलं, जमिनीतलं. विटा खाऊन टाकतं.

मीनल_के
चौपाखी छपराचं माहीत नव्हतं, आत्ता फोटो शोधून पाहिला, खरंच की.

खडूस_खान्देशी
मीपण पाहिला. सुंदर आहे, नाकारत नाही.

पण माझं एक उरतंच, तलाव कोणी खणले त्यांची नावं कुठेच नाहीत. सैनिकांना कुदळी दिल्या म्हणता, मान्य. त्यांना मजुरी होती का वेठ होती? पीर एकटा झाला, खणणारे हजारो.

विटा_वाळू_सिमेंट
हा प्रश्न बरोबर आहे. आमच्या धरणांवर पण उद्घाटन करणाऱ्याचीच पाटी असते.

गाळातला_माणूस
एवढे प्रतिसाद बघून भरून आलं. मध्ये साइटवर होतो, दोन आठवडे नेट धड नव्हतं.

आजींच्या सांगण्यावरून दक्षिणडिहीला जाऊन आलो. दुमजली घर आहे, नीट ठेवलंय, समोर रवींद्रनाथ आणि मृणालिनीदेवींचे पुतळे. राखणदाराला पीर अलीची गोष्ट विचारली तर त्याने लिंबाऐवजी फूल सांगितलं.

मूळ प्रश्नाबद्दल. काकांचा शिलालेख आणि विटा_वाळूंचे तलाव एकत्र ठेवल्यावर मी या मताला आलोय की तो जन्मभर सरदारच होता, धार्मिक वृत्तीचा असेल, शेवटी विरक्त झाला असेलही, पण त्याचं पीरपण तलावातून आलं. विटा_वाळूंशी सहमत. फक्त खुलताबादच्या ताईंचं 'दोन्ही हातांचा माणूस लोकांना हवा होता' हेही सोडवत नाही. कबरीपाशी एका म्हाताऱ्या बाईंना माझ्या मोडक्या बंगालीत विचारलं होतं की तो शिपाई होता की फकीर. त्या म्हणाल्या, पाणी दिलं ना. आणि मगरीसाठी कोंबडी किती रुपयांना पडते ते सांगत बसल्या.

कोलकाताकर_जोशी
भाऊ, चैत्र पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते, ती चुकवू नका. पीराची जत्रा हिंदू पंचांगाच्या तिथीला! आणि जमलं तर वरती झिनाइदहकडे बारोबाजारला जा, तो दक्षिणेला उतरताना त्या वाटेने आला असं मानतात, तिथेही जुन्या मशिदी जमिनीखालून उकरून काढल्यात. त्याची वाट नकाशावर जोडता येते, तलाव आणि मशिदी अशा टप्प्याटप्प्याने खाली समुद्राकडे.

खुलताबादची_वाट
जत्रेचे फोटो हवेतच. आणि जमलं तर एक बघा, उरुस वेगळा आणि जत्रा वेगळी अशी दोन आहेत का, आणि दोन्हीकडे माणसं तीच असतात का वेगळी. आमच्याकडे यावरून बरंच कळतं.

गाळातला_माणूस
बघतो. चैत्रापर्यंत प्रोजेक्ट संपला नाही तर. आमच्या प्रोजेक्टची गती बघता काळजी नसावी.

मगरमिठी
कोंबडी किती रुपयांना पडते ते सांगितलं नाहीत.